सर्टिफिकेटवरची मिनिटं आणि गेटवरची पाटी: एका पडद्याच्या थिएटरचं वेळापत्रक कसं बसवायचं

सर्टिफिकेटवर १५५ मिनिटं लिहिलेली दिसतात, तीन तासांत २५ मिनिटं शिल्लक आहेत असं वाटतं, आणि बारा-तीन-सहा-नऊची पाटी तशीच टांगली जाते. शुक्रवारी तीनचा खेळ सव्वातीनला सुरू होतो, सहाचा साडेसहाला, आणि नऊच्या खेळाची माणसं पावणेदहापर्यंत गेटबाहेर डास मारत उभी राहतात. दोष ऑपरेटरवर येतो. खरं तर चूक मंगळवारीच, वेळा कागदावर मांडताना झालेली असते.

हा लेख दोघांसाठी आहे. रायगड ते सिंधुदुर्ग पट्ट्यात तालुक्याच्या गावी एका पडद्याचं थिएटर सांभाळणाऱ्यांसाठी, आणि त्याच पडद्यावर एखादा खेळ मिळावा म्हणून धडपडणाऱ्या मराठी निर्मात्यांसाठी. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. बहुतेकजण तिसऱ्या टप्प्यापासून सुरुवात करतात आणि मग पहिल्या दोघांचं व्याज भरत बसतात.

१. खरी लांबी हातात घ्या

लांबी चार ठिकाणी सापडते: बातमीत, तिकिटाच्या ॲपवर, सेन्सॉर सर्टिफिकेटवर आणि तुमच्या सर्व्हरवर, म्हणजे सिनेमाची फाईल चालवणाऱ्या यंत्रावर. पहिल्या दोन विसरा. बातमीतला आकडा पुष्कळदा कात्री लागण्याआधीचा असतो आणि ॲपवर कुणीतरी तोच चिकटवलेला असतो.

सर्टिफिकेटवरच्या आकड्यावर कच्चं वेळापत्रक बांधा. पक्कं करायचं ते फाईल सर्व्हरवर चढल्यावर. तिथे तास-मिनिटं-सेकंद दिसतात. ऑपरेटरकडून दोन आकडे लिहून घ्या: मध्यंतरापर्यंत किती आणि मध्यंतरानंतर किती. एकूण लांबी वेळापत्रकाला लागते, पण पहिल्या भागाची लांबी कँटीनला लागते. समोशाचा घाणा कधी टाकायचा हे त्याच्यावर ठरतं. पहिला भाग ८२ मिनिटांचा असताना कँटीनवाल्याने सवयीने ७० व्या मिनिटाला सगळं तळून ठेवलं, तर लोकांच्या हातात गार, मऊ पडलेले समोसे जातात.

जुना सिनेमा लावणाऱ्या मंडळांसाठी: पूर्वीच्या सर्टिफिकेटवर लांबी मीटरमध्ये असते. ३५ मिमी फिल्म सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने चालते, म्हणजे मिनिटाला साधारण २७.४ मीटर. मीटरला २७.४ ने भागा, मिनिटं आली. ४,११५ मीटर म्हणजे अडीच तास.

*सावधान:* डीव्हीडीवरची लांबी थिएटरसाठी धरू नका. काही डीव्हीडी २५ फ्रेमच्या वेगाने बनायच्या, त्यामुळे १५० मिनिटांचा सिनेमा तिथे १४४ मिनिटांत संपतो. ओटीटीवरची आवृत्ती तर वेगळ्या संकलनाचीही असू शकते.

२. सिनेमा नको, फेरी मोजा

पडदा एका खेळाला किती वेळ अडकतो, त्याला आम्ही फेरी म्हणतो. तिचे चार तुकडे:

सुरुवात, म्हणजे जाहिराती, ट्रेलर, राष्ट्रगीत: १० मिनिटं
सिनेमा: जितका असेल तितका
मध्यंतर: १५ मिनिटं
रिकामं करणं आणि झाडू: १५ मिनिटं

सिनेमा सोडून चाळीस मिनिटं झाली. १३५ मिनिटांच्या सिनेमाची फेरी १७५ मिनिटांची, म्हणून तो बारा-तीन-सहा-नऊमध्ये ऐसपैस बसतो. १४० ला अगदी काठोकाठ. त्याच्या वर एक मिनिट गेलं की जुनी पाटी उतरवायची. १५५ ची फेरी १९५ मिनिटांची, म्हणजे दर खेळाला पंधरा मिनिटं घसरण. सुरुवातीला सांगितलेला पावणेदहाचा हिशोब इथूनच आला.

आता तुकडे एकेक करून पाहू.

सुरुवात. पडद्यावर तंबाखू दिसणार असेल तर आरोग्याचा किमान ३० सेकंदांचा संदेश आणि किमान २० सेकंदांचा इशारा सुरुवातीला आणि पुन्हा मध्यंतराला दाखवावा लागतो. हे फाईलमध्येच जोडून आलंय की वेगळं लावायचंय, ते विचारून घ्या. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये सक्ती काढली, तरी आपल्याकडे ते लावलंच जातं, तेव्हा धरा. उरलेला वेळ स्थानिक जाहिरातींचा, आणि शिस्त इथेच मोडते. सराफाची, शाळेची, बिल्डरची स्लाइड घेताना कुणी नाही म्हणत नाही. बेंगळुरूच्या एका प्रेक्षकाने २५ मिनिटं जाहिराती दाखवल्या म्हणून ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. पुढे उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, तो भाग वेगळा. आपल्या गावात कोणी आयोगाकडे जाणार नाही. तो नाक्यावर सांगेल, आणि ते जास्त महाग पडतं.

मध्यंतर. पंधरा मिनिटं लिहा आणि पंधराच द्या. लांब सिनेमात घसरलेला वेळ मध्यंतर दहावर आणून भरून काढायचा मोह होतो. तसं केलंत तर बायकांच्या स्वच्छतागृहाची रांग संपायच्या आत दिवे जातात आणि कँटीनचं गिऱ्हाईक पैसे न देता आत पळतं.

रिकामं करणं. हा तुकडा सगळ्यांकडून कमी धरला जातो. हॉल पाच मिनिटांत रिकामा होतो, आवार नाही. एकच गेट, गेटाबाहेर आठ-दहा फुटांची गल्ली, आतून निघणाऱ्या दुचाक्या आणि बाहेरून घुसणाऱ्या दुचाक्या, मध्ये एक रिक्षा आडवी. वरून बाल्कनीचा जिना एकच असेल तर त्यात आजी-आजोबा एकेक पायरी उतरताहेत. एखाद्या भरल्या खेळाला घड्याळ लावून स्वतः गेटवर उभे राहा. शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत मोजा आणि तोच आकडा वापरा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्यात पाच मिनिटं वाढवा, कारण छत्र्यांचं पाणी आणि चपलांचा चिखल नुसत्या झाडूने निघत नाही, पोछा लागतो.

*तपासा:* चार तुकडे लिहून झाले? फेरीचा आकडा पाचच्या पटीत वर ओढा, खाली कधीच नको.

३. दोन वेळा आधी ठरवा, बाकीच्या त्यांच्याभोवती

सकाळच्या खेळापासून पुढे मोजत जाणं ही सवयीची पद्धत, आणि आपल्या भागात ती चुकीची. कोकणात प्रेक्षकाची परतीची वेळ त्याच्या येण्याच्या वेळेपेक्षा महत्त्वाची. म्हणून वेळापत्रक मागून पुढे बांधायचं.

पहिली वेळ एसटीची. डेपोत जाऊन चौकशी खिडकीवर विचारा: आसपासच्या मोठ्या वाड्या-गावांना शेवटची गाडी किती वाजता? दुपारचा खेळ त्या गाडीच्या अर्धा तास आधी सुटलाच पाहिजे. गावाकडून येणारा प्रेक्षक, त्यातही बायकांचे गट, हाच खेळ बघतो. तो सुटायला उशीर झाला की पुढच्या आठवड्यात ते गट येतच नाहीत, आणि का आले नाहीत हे तुम्हाला कोणी सांगत नाही.

दुसरी वेळ ऑफिसची. राज्य सरकारी कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला आणि सुटायची वेळ सव्वासहा. माणूस घरी जाऊन, बायको-मुलांना घेऊन सहाला थिएटरात पोचूच शकत नाही. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळचा खेळ साडेसहाच्या आधी ठेवण्यात अर्थ नाही.

१५५ मिनिटांचा सिनेमा, फेरी १९५. प्रेक्षक आत असतो तो १८० मिनिटं, कारण झाडूची पंधरा त्याची नाहीत. दोन रचना होतात:

अ) ११:००, २:१५, ५:३०, ८:४५. शेवटचा खेळ पावणेबाराला सुटतो.
ब) १२:००, ३:१५, ६:३०, ९:४५. शेवटचा खेळ पाऊण वाजता सुटतो.

माझं मत: शनिवार-रविवारी ‘अ’, एरवी ‘ब’, पण पावणेदहाचा खेळ गाळून. सुट्टीच्या दिवशी साडेपाचच्या खेळाला कुटुंबं येतात, साडेआठला सुटून जेवायला घरी जातात. आडवारी साडेपाच वाजता कॉलेजची पोरं सोडली तर कोण येणार? आणि रात्री पाऊण वाजता सुटणाऱ्या खेळाला मंगळवारी जी दहा-वीस डोकी येतात, त्यांच्या तिकिटात एसीचं बिलही निघत नाही. वितरक कुरकुर करेल. त्याला मागच्या महिन्याचा आडवारचा रात्रीचा डीसीआर, म्हणजे रोजच्या गल्ल्याचा तक्ता, दाखवा, तो गप्प होतो.

गणपतीत हे सगळं बाजूला ठेवा. गौरी-गणपती जाईपर्यंत संध्याकाळी प्रत्येक घरात आरती आणि भजन असतं. साडेसहाच्या खेळाला हॉलमध्ये पंखे तेवढे फिरतात. त्या दिवसांत दुपारचे दोन खेळ करा, विसर्जनानंतर चाकरमानी परत निघायच्या आधीचे दोन-तीन दिवस पूर्ण भरा. जत्रेच्या रात्री शेवटचा खेळ लावूच नका, दशावताराला तिकीट नसतं. उलट १ जूनपासून मासेमारी बंद होते, तेव्हा हर्णै किंवा मिरकरवाड्यासारख्या बंदराच्या आसपास दुपारच्या खेळाला मोकळी माणसं मिळतात.

*सावधान:* सकाळी लवकरचा किंवा मध्यरात्रीनंतरचा जादा खेळ जाहीर करण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाने दिलेल्या परवान्यातल्या अटी वाचा. पोस्टर लागल्यावर वाचून उपयोग नाही.

४. लांब सिनेमा आला की खेळ किती, हे आधी ठरवा

डिसेंबर २०२३ मधला ‘ॲनिमल’ २०१ मिनिटांचा होता. फेरी २४१ मिनिटं. १०:३०, २:३५, ६:४० असे तीन खेळ आणि रात्री साधारण साडेदहाला शेवट. चौथा बसत नाही. बसवायचा तर सकाळी साडेसहाला गेट उघडावं लागेल. ३०० खुर्च्यांच्या थिएटरात दिवसाच्या १,२०० तिकिटांची ९०० झाली. शिवाय मध्यंतरं चारची तीन. तिकिटाच्या पैशात वितरकाचा वाटा असतो, कँटीनचा गल्ला मात्र बहुतेक ठिकाणी थिएटरचा. म्हणून गेलेल्या खेळाचं नुकसान तिकिटांच्या आकड्याहून मोठं असतं.

स्टुडिओला हे कळत नाही असं नाही. २००९ मध्ये निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्स यांच्यातला संप मिटला तेव्हा हिंदी सिनेमासाठी वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्याला ५० टक्के, दुसऱ्याला ४२.५, तिसऱ्याला ३७.५ आणि पुढे ३० असा ठरला. पैसा पहिल्या आठवड्यात आहे, म्हणून पहिल्या आठवड्यातले खेळ सोन्याचे. संकलनाच्या टेबलावर वीस मिनिटं काढायची की नाही, या वादात हा हिशोब बसलेलाच असतो. कधी उत्तर ‘काढा’ असं येतं. कधी सिनेमाच दोन तुकड्यांत विकला जातो. पाच तासांहून लांब ‘गँग्ज ऑफ वासेपूर’ २०१२ मध्ये दोन भागांत आला. आणि नट मोठा असेल तर ‘राहू दे, तिकीट वाढवू’ असं उत्तर येतं.

हे उत्तर देताना त्यांच्या डोळ्यांपुढे मोठ्या शहरातलं सात-आठ पडद्यांचं मल्टिप्लेक्स असतं. तिथे एकच सिनेमा चार पडद्यांवर अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतराने सोडतात, लांबी टोचत नाही. तिकीट वाढवलं तरी शनिवारी हॉल भरतो. तुमच्याकडे पडदा एक, आणि तिकीट तीस रुपयांनी वाढलं की पाच जणांच्या घरातले दोघे घरी राहतात. त्यामुळे ‘सगळीकडे चालतंय’ हे वितरकाचं वाक्य तुमच्या हिशोबात घेऊ नका.

करारावर सही करण्याआधी फोनवर हे तीन प्रश्न विचारा. दिवसाला किमान किती खेळांचा आग्रह आहे? दुसऱ्या आठवड्यात पडदा वाटून देता येईल का? लांबी कमी करून नवी आवृत्ती येण्याची शक्यता आहे का? तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही. तो का विचारायचा, ते सहाव्या टप्प्यात.

परदेशी सिनेमा असेल तर मध्यंतर फाईलमध्ये नसतं, ते आपणच घालतो. ऑपरेटरला ‘मध्यावर कुठेतरी’ असं सांगू नका. आदल्या रात्री सिनेमा चालवून, एखादा प्रसंग संपतो तिथली वेळ लिहून द्या. बाहेरच्या देशांत याचा बाऊ होतो: २०६ मिनिटांच्या ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ला २०२३ मध्ये काही थिएटरांनी आपल्या मनाने मध्यंतर दिलं, तेव्हा त्यांना ते काढायला लावलं गेलं. आपल्याकडे तेवढा वेळ चहाशिवाय बसणारा प्रेक्षक अजून जन्मायचाय.

५. मराठी निर्मात्यांनो, शेजारच्याची लांबी बघा

हा टप्पा सर्वांत कमी समजलेला आहे. मराठी निर्माता आपल्या सिनेमाची लांबी सांगत फिरतो. विचारायला हवं ते असं: त्या आठवड्यात त्या पडद्यावर दुसरा सिनेमा कोणता, आणि तो किती मिनिटांचा?

सकाळी १० ते रात्री १२ म्हणजे ८४० मिनिटं. शेवटच्या खेळानंतर झाडू घाईत नाही, म्हणून त्यात १५ मिळवा: ८५५.

शेजारी १६५ मिनिटांचा हिंदी सिनेमा असेल तर त्याची फेरी २०५. तीन खेळांना ६१५ गेली, उरली २४०. तुमचा १३५ चा सिनेमा, फेरी १७५, आरामात बसतो.

शेजारी २०१ मिनिटांचा असेल तर तीन खेळांना ७२३. उरली १३२, त्यातली चाळीस वजा करा. ९२ मिनिटांचा सिनेमा असेल तरच जागा आहे. तुमचा एकमेव खेळ थिएटरवाल्याच्या दुष्टपणामुळे गेला नाही, शेजारच्याच्या लांबीने खाल्ला.

अशा वेळी ‘एक तरी खेळ द्या’ म्हणून हात जोडण्यात अर्थ नाही, तो गणितातच नाही. दोन मागा. हिंदीचे दोन खेळ म्हणजे ४८२, मराठीचे दोन म्हणजे ३५०, बेरीज ८३२. बसतं, वर तेवीस मिनिटं राहतात. हा कागद थिएटरवाल्यापुढे ठेवा: तीनऐवजी चार मध्यंतरं, चार वेळा कँटीन. हिंदीच्या वितरकाने सगळ्या खेळांची अट घातली असेल तर मात्र एका पडद्यावर काही चालत नाही. आठवडा बदला. प्रदर्शनाची तारीख ठरवताना समोरच्याचा नट बघता, तसा त्याच्या मिनिटांचा आकडाही बघत जा.

६. कात्री लावायची तर केव्हा

प्रमाणपत्राला अर्ज करण्याआधी. त्या वेळी दहा मिनिटं काढायला संकलकाचे दोन-चार दिवस लागतात. प्रमाणपत्र मिळाल्यावर काहीही काढलं किंवा घातलं तरी ते पुन्हा सेन्सॉर बोर्डाकडे नोंदवून घ्यावं लागतं. शिवाय ध्वनी पुन्हा जुळवा, सबटायटल सरकवा, नवी डीसीपी, म्हणजे थिएटरात चालणारी डिजिटल फाईल, बनवा, ती प्रत्येक थिएटरला पाठवा.

कुठपर्यंत कापायचं? १४० मिनिटं ही सीमारेषा, कारण तीन तासांची फेरी तिथे संपते. १४८ चा सिनेमा १४१ वर आणून काही हाती लागत नाही, १३९ वर आणला तर बारा-तीन-सहा-नऊची पाटी वाचते. उलट सिनेमा १३० चा असेल तर आणखी पाच मिनिटांसाठी चांगला प्रसंग मारू नका, त्याने एकही खेळ वाढत नाही. शेवटची श्रेयनामावली ताणलेली असेल तर पहिली कात्री तिथे, कोणाच्या अभिनयाला धक्का लागत नाही.

थिएटरवाल्यांसाठी याच गोष्टीची दुसरी बाजू: प्रदर्शनानंतर छोटी किंवा वाढवलेली आवृत्ती आली की ती सर्व्हरच्या लेखी वेगळी वस्तू असते. फाईल उघडणारी जुनी डिजिटल चावी, म्हणजे केडीएम, तिला चालत नाही. नवी फाईल चढवली, नवी चावी आली नाही, आणि खेळाच्या वेळी पडदा काळा, असं होतं. नवी चावी आल्याशिवाय जुनी फाईल काढू नका आणि ॲपवरच्या वेळाही बदलू नका.

७. वीज जाणार, हे धरून चाला

पावसाळ्यात फांदी तारेवर पडते आणि फीडर जातो. जनरेटर अर्ध्या मिनिटात चालू होईल, सिनेमा होत नाही. सर्व्हर पुन्हा उभा राहायला काही मिनिटं लागतात. झेनॉन दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर दिवा थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटवू नये. पंखे बंद पडून दिवा तापलेलाच राहिला तर थांबणं आणखी वाढतं. सर्व्हर आणि दिव्याचे पंखे यूपीएसवर घ्या. लेझर प्रोजेक्टरला दिव्याचं हे पथ्य नाही, पण सर्व्हरचं आहेच.

जून ते सप्टेंबर दुपारच्या आणि संध्याकाळच्या खेळामध्ये दहा मिनिटं मोकळी ठेवा. प्रत्येक खेळामागे ठेवू नका, दिवस पुरणार नाही. दुपारच्या खेळाची घसरण संध्याकाळच्या गर्दीपर्यंत पोचू नये, एवढंच बघायचं.

८. गुरुवार रात्र आणि सोमवार सकाळ

गुरुवारी शेवटचा खेळ सुटल्यावर नवी फाईल सर्व्हरवर पूर्ण चढली आहे का बघा. चावीची सुरुवातीची आणि शेवटची तारीख-वेळ वाचा. चावी शुक्रवारी दहाला उघडणार असेल आणि तुम्ही साडेनऊचा खेळ विकला असेल, तर वितरकाला फोन त्याच रात्री करायचा. पहिली पाच मिनिटं, मध्यंतराच्या आसपासची पाच आणि शेवट चालवून पाहा. आवाज, सबटायटल, मध्यंतराची पाटी. पहिल्या भागाची मिनिटं कँटीनच्या भिंतीवर खडूने लिहून टाका.

शुक्रवार-शनिवार-रविवार डोअरकीपरला एका वहीत प्रत्येक खेळाच्या दोन वेळा लिहायला लावा: दिवे गेले कधी आणि हॉल रिकामा झाला कधी. सोमवारी सकाळी ती वही आणि तुमचा कागद शेजारी ठेवा. फरक पाच मिनिटांच्या आत असेल तर काही हलवू नका. जास्त असेल तर कोणत्या तुकड्यात गेला ते शोधा. बहुतेकदा जाहिरातींत किंवा गेटवर सापडतो. मगच आडवारच्या वेळा बदला, तेही बुधवारपासून, आणि ज्या खेळांची तिकिटं ऑनलाइन विकली गेली आहेत त्यांना हात न लावता.